गेम स्टुडिओत आर्टिस्टचं काम नेमकं काय असतं? (विद्यार्थी आणि पालकांसाठी)

जांभादगड

बारावीचे निकाल लागल्यापासून व्यनित (व्यक्तिगत निरोपांत) एकच प्रश्न येतोय. मुलीची चित्रकला चांगली आहे, गेमही खेळते, मग गेम आर्टचा कोर्स लावावा का? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा धागाच काढते. मी पुण्यात एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे, म्हणजे गेममधली जागा उभी करणारी: भिंती, जिने, खडक, झाडोरा, सामानसुमान. सध्या एका छोट्या टीमची लीड आहे. कंपनीचं आणि गेम्सचं नाव लिहिणार नाही, करारात बांधलेली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण कोर्सच्या जाहिरातींत ती नसते. आपल्याकडे या क्षेत्रातलं बरंचसं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गेमसाठी होतं. बंगळूरात राजेश राव यांनी १९९७ मध्ये ध्रुवा इंटरअ‍ॅक्टिव्ह सुरू केली, तेव्हापासून हा प्रवाह आहे. ती कंपनी २०१९ मध्ये रॉकस्टारने घेतली. गुडगावची लक्ष्य डिजिटल २००४ ची, २०१४ पासून ती कीवर्ड्स या परदेशी समूहात आहे. पुण्यात सुमो या ब्रिटिश गेम कंपनीचा स्टुडिओ २००७ पासून आहे आणि २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ विकत घेतला. म्हणजे घरातलं पोर रात्री ज्या मोठ्या गेममध्ये रमलेलं असतं, त्यातली एखादी गाडी, एखादा कठडा, पात्राच्या अंगावरचं चिलखत भारतात बनलेलं असू शकतं. कथा, पात्रं, जगाचा एकूण रंग तिकडे ठरतो. आपल्याकडे बनवायच्या वस्तूंची यादी येते.

त्या यादीतली एक वस्तू घेऊ. समजा, जुन्या जहाजावरचा नांगर ओढायचा रहाट. क्लायंट कॉन्सेप्ट चित्र पाठवतो, कधी नुसते चार फोटो. आर्टिस्ट आधी ठोकळ्यांनी आकार उभा करतो आणि माणसाच्या उंचीशी ताडून बघतो. मग झेडब्रश या कोरीव कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाकडाच्या भेगा, लोखंडावरचे ठोके, दोराचे पीळ असं सगळं कोरलेलं भरगच्च मॉडेल होतं. ते गेममध्ये चालत नाही, फार जड असतं. म्हणून त्याच आकाराचं हलकं मॉडेल बनवायचं, शिंपी कापड बेततो तसा त्याचा पृष्ठभाग उलगडून सपाट मांडायचा (याला यूव्ही म्हणतात) आणि जड मॉडेलवरचे बारकावे नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात उतरवून हलक्या मॉडेलवर चढवायचे. हे बेकिंग. त्यानंतर सबस्टन्स पेंटरमध्ये रंग, खडबडीतपणा, धातू कुठे आणि गंज कुठे. शेवटी अनरीअल किंवा युनिटी या इंजिनात (गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर) नेऊन, लांबून दिसतील अशा आणखी हलक्या आवृत्त्या लावून, धडक बसण्याच्या सीमा आखून वस्तू सुपूर्द होते. मग शेरे येतात. दुरुस्ती. पुन्हा शेरे.

एवढा व्याप का, ते समजलं तर हे काम समजतं. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या तर एका चौकटीला मिळतात १६.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात शत्रूंची हालचाल, आवाज, प्रकाश आणि आपला रहाट, सगळं बसलं पाहिजे. त्यामुळे प्रत्येक वस्तूला त्रिकोणांचं (मॉडेलचा पृष्ठभाग त्यांचाच बनतो) आणि टेक्स्चरचं, म्हणजे त्यावर चढवायच्या चित्रांचं, बजेट ठरलेलं असतं. सुंदर रहाट बनवणारे पुष्कळ भेटतात. रहाटाचा कोणता भाग खेळणाऱ्याच्या डोळ्यापुढे येणार, कोणता कायम भिंतीकडे राहणार, हे बघून कुठे हात मोकळा सोडायचा आणि कुठे आखडायचा हे ज्याला कळतं, त्याला मी टीममध्ये घेते. माझ्या मते या कामातली कला तिथेच आहे, आणि ती कला आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नुसतं सॉफ्टवेअर शिकून हे येत नाही. आधी बघायला शिकावं लागतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन. इतर आर्टिस्ट असतील तर त्यांनीही लिहा.

नाशिकची_आई

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी व्यनि केला त्यांतली मी एक. मुलगी बारावी सायन्स झाली आहे आणि हट्टाला पेटली आहे. ज्या संस्थेत चौकशी केली तिथे फी लाखांच्या घरात, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. यजमान म्हणतात, आधी बीएस्सी कर. मला मुलीचं मन मोडायचं नाही, पण कर्ज काढायचं तर पुढे नोकरी आहे की नाही हे कळायला नको का?

जांभादगड

ताई, तुमची काळजी रास्त आहे. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिणाऱ्या संस्थेला एवढंच सांगा: मागच्या बॅचच्या सगळ्या मुलांचे पोर्टफोलिओ दाखवा. निवडक पाच नकोत, सगळे. दाखवले तर बसून बघा. दहा मुलांच्या पानांवर तीच खुर्ची, तीच बंदूक, तीच गल्ली असेल तर मुलं पाठ्यक्रमाचा नमुना गिरवून बाहेर पडताहेत. भरती करणाऱ्याला ते एका नजरेत कळतं.

आम्ही प्रमाणपत्र जवळपास बघतच नाही. आर्टस्टेशन या कलाकारांच्या संकेतस्थळावरचं पान बघतो, मग आर्ट टेस्ट, म्हणजे करून दाखवायचं नमुना काम, देतो. पदवी नसलेले उत्तम आर्टिस्ट माझ्या शेजारी बसतात. तरीही पदवी असावी असंच मी म्हणेन, कारण परदेशी जायची वेळ आली की व्हिसाला ती लागते. कर्ज काढायच्या आधी मुलीला सहा महिने घरी करू दे. ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर फुकट आहे. तसंच दुसरं, मायाची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती फुकट आहे. अनरीअल शिकायला काही पैसे पडत नाहीत, गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली तरच रॉयल्टीचा प्रश्न येतो. खर्च होईल तो बऱ्या ग्राफिक्स कार्डच्या संगणकावर. सहा महिन्यांत तिने दोन-तीन वस्तू शेवटपर्यंत, म्हणजे इंजिनमध्ये नेऊन पूर्ण केल्या, तर तिचा कल खरा आहे. अर्धवट वीस फाइली पडल्या असतील तर थोडं थांबा.

रंगपेटी

मी उपयोजित कलेचा निवृत्त शिक्षक. एक भर घालतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की पालकांना वाटतं चित्रकला झाली. त्या परीक्षांचं मोल आहेच, पण स्थिरचित्रात आम्ही मुलांना मडकं नीट काढायला शिकवतो. मडक्याच्या पोटावर शेजारच्या फडक्याचा लाल रंग का उतरतो, ते फार थोड्यांना शिकवतो. माझे काही विद्यार्थी आज गेम कंपन्यांत लायटिंग करतात. ते सांगतात की हेच तिथे रोज लागतं. मुलीला वहीत रोज रेखाटू द्या. बसस्टँडवर बसून माणसं काढू द्या. शरीररचना, यथादृष्टी, छायाप्रकाश या तीन गोष्टी कुठलंही सॉफ्टवेअर जुनं झालं तरी जुन्या होत नाहीत.

जांभादगड

सर, पूर्ण सहमत. उलगडा, बेकिंग, इंजिन हे सगळं मी नवीन मुलाला शिकवू शकते. प्रकाश बघायला शिकवणं फार अवघड जातं.

चौकट

माझा अनुभव लिहितो, कारण चांगली बाजूच वाचून कुणी उडी घेऊ नये. मी टू-डी आणि यूआय (गेमचा इंटरफेस, म्हणजे पडद्यावरची बटणं, मेनू) आर्टिस्ट. मुंबईत पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या अ‍ॅपवर काम करत होतो. बटणं, पत्ते, सणांच्या थीम, बक्षिसाची अ‍ॅनिमेशनं. पगार इतर स्टुडिओंपेक्षा बरा होता म्हणून गेलो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि आमचा अख्खा कला विभाग घरी बसला. कायद्याबद्दल तक्रार नाही. त्या खेळांपायी घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. पण पुढच्या मुलाखतींत पहिला प्रश्न यायचा, 'यात खरा गेम कुठला?' पोर्टफोलिओभर नाणी आणि चमचमते पत्ते. आता स्वतःसाठी एका छोट्या कोडे-गेमचा पूर्ण इंटरफेस बनवतोय, अगदी पहिल्या स्क्रीनपासून सेटिंगपर्यंत, म्हणजे दाखवायला काहीतरी असेल. यूआयवाल्यांनी एवढं ऐका: सुटी बटणं दाखवू नका. स्क्रीन एकमेकांना कसे जोडलेत ते दाखवा, आणि स्वस्त फोनच्या छोट्या पडद्यावर अंगठ्याने वापरून दाखवा.

जांभादगड

चौकट, हे लिहिल्याबद्दल आभार. तुमचा पोर्टफोलिओ व्यनित पाठवा, ओळखीत कुठे जागा असेल तर सांगते.

अस्थिरता आमच्या बाजूलाही आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधली १,९०० माणसं काढली, पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९००. बातम्या तिकडच्या होत्या. पण तिकडे एक गेम रद्द झाला की त्याची यादी बनवणारी इकडची टीम एका ईमेलवर रिकामी होते. कधी दुसऱ्या प्रोजेक्टवर घेतात, कधी नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा असं मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते. पगार हातात येऊ लागला की लगेच गाडी घेऊ नका.

कळसूत्र

अ‍ॅनिमेटर इथे. 'आपल्याकडे यादीच येते' हे बरंचसं खरं, पण पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' केला, २०२० मध्ये. छोटी टीम, २०१७ ची किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम फसलेली, तरी अनरीअलवाल्या एपिक कंपनीच्या अनुदानाचा आधार घेऊन त्यांनी तो तडीस नेला. त्यातल्या कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर आहेत, रंगांवर पहाडी लघुचित्रांचा ठसा आहे. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमच्या नामांकनांत तो होता. सुपरगेमिंगही पुण्याचीच, त्यांचा 'इंडस' २०२४ मध्ये आला.

आणि पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल की अजून किती शिल्लक आहे. आपल्या मुलांच्या पोर्टफोलिओत मात्र सायबरपंक गल्ली आणि जपानी रस्ता.

जांभादगड

अगदी हेच लिहायचं होतं. २०१७ चा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' पश्चिम घाटात घडतो, होयसळांच्या अवशेषांत. बनवला कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉगने, आणि अप्रतिम बनवला. 'हिटमॅन २' मध्ये मुंबईची मोठी लेव्हल आहे, ती बनवली डेन्मार्कच्या आयओ इंटरअ‍ॅक्टिव्हने. त्यांना संदर्भ गोळा करायला किती खटपट पडली असेल, आणि आपण त्या दगडावर बसून चहा पितो. बेसाल्टला कोणत्या ओलीत शेवाळ धरतं, जांभ्याची भोकं कापलेल्या बाजूला कशी दिसतात आणि पावसाच्या बाजूला कशी, पेशवेकालीन वाड्यातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब खाली दगडी तळखड्यावर कसे टेकतात, हे रोज दिसतं त्याने पोर्टफोलिओत ते आणलं तर मुलाखतीत त्याच्याकडे बोलायला काही असतं. 'हे असं का झिजलं?' याचं उत्तर त्याला माहीत असतं.

फोटोंवरून मॉडेल करणाऱ्यांसाठी: ढगाळ दिवस चांगला, सावल्या कडक पडत नाहीत. पण ओला दगड चमकतो आणि सगळं बिघडतं. पावसाची उघडीप मिळाली, दगड सुकला आणि आभाळ झाकलेलंच राहिलं, असा दिवस साधा. संरक्षित स्मारकांवर ट्रायपॉड लावायला परवानगी लागते हेही लक्षात ठेवा.

उत्तरध्रुव

माँट्रियलहून. पुण्यात सुरुवात केली, आता इथे टेक्निकल आर्टिस्ट आहे, म्हणजे आर्टिस्ट आणि प्रोग्रॅमर यांच्यामधला. शेडर (पृष्ठभाग पडद्यावर कसा दिसेल ते ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) लिहायचे, आर्टिस्टसाठी छोटी अवजारं बनवायची, गेम कुठे अडखळतोय ते शोधायचं. थोडं पायथन येत असलेल्या कलाकारांनी या वाटेचा जरूर विचार करावा. सायन्सची आवड असलेल्या मुलीला तर फारच छान.

इथे एवढे स्टुडिओ असण्याचं मोठं कारण क्विबेक सरकारची पगारावरची करसवलत. इथे स्थिरावायचं तर फ्रेंच शिकावी लागते, आणि थंडीबद्दल लिहीत नाही.

मला पुण्याच्या दिवसांबद्दल एकच सल आहे: श्रेयनामावली. ज्या गेमवर दीड वर्ष घालवलं त्याच्या शेवटी फक्त कंपनीचं नाव होतं. आईला टीव्हीवर नाव दाखवायचं होतं.

जांभादगड

हे दुखणं जुनं आहे. आउटसोर्सिंगच्या बऱ्याच करारांत श्रेय कंपनीला, माणसांना नाही. गेम बाहेर येईपर्यंत काम दाखवायची बंदी, आणि तो मधेच रद्द झाला तर बहुतेकदा कायमची. मग नोकरी बदलताना दाखवायचं काय? गेम बनवणाऱ्यांच्या आयजीडीए या संघटनेने श्रेय कसं द्यावं याची मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. मी माझ्या टीमसाठी प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला नावांची यादी पाठवते आणि शेवटी आठवण करते. कधी मान्य होतं, कधी नाही. मागत राहणार. नवीन मुलांनीही मुलाखतीत विचारावं: श्रेय मिळतं का, काम कधी दाखवता येतं, आर्ट टेस्टचे पैसे देता का. विचारल्यामुळे कुणी नाकारलं तर ती जागा तुमच्यासाठी नव्हतीच.

टेस्टबद्दल माझं मत ठाम आहे. एक-दोन दिवसांची टेस्ट ठीक. आठवडाभराचं काम फुकट मागणं चूक आहे. मुलं परीक्षा सांभाळून रात्र-रात्र जागून करतात आणि पुष्कळदा साधं उत्तरही येत नाही.

मुळशी_डोंगर

प्रश्न सरळ आहे. एआय आल्यावर हे काम राहणार का? वाक्य टाइप केलं की चित्र मिळतं. कर्ज काढून मुलाला यात घालायचं म्हणजे भीती वाटते.

जांभादगड

भीती खोटी नाही. कॉन्सेप्ट आर्टमध्ये नवशिक्यांना मिळणारं किरकोळ काम आटलं आहे, हे मी स्वतः बघतेय. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवर कलाकारांनी निषेधाची चित्रं लावून मुख्य पान भरून टाकलं होतं. त्यांची चित्रं न विचारता या यंत्रांना खाऊ घातली गेली, हा राग होता आणि तो रास्त होता. मीही त्यांच्याच बाजूची.

दुसरी बाजू अशी. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानावर, गेम टाकताना एआय कुठे वापरलं ते जाहीर करावं लागतं. आमचे काही क्लायंट करारातच लिहून घेतात की जनरेटिव्ह एआय वापरायचं नाही, कारण अशा चित्राचे हक्क कुणाचे हा वाद मिटलेला नाही. थ्री-डीत अजून यंत्राने दिलेलं मॉडेल साफ करण्यात जो वेळ जातो, त्यात हातानेच नीट होतं. पाच वर्षांनी काय असेल, सांगत नाही. 'चित्र काढणारा' एवढीच ओळख असलेल्याला कठीण जाईल. वस्तू इंजिनमध्ये, बजेटमध्ये, शेजारच्या दहा वस्तूंशी जुळवून बसवणाऱ्याची गरज मला रोज पडते. म्हणूनच म्हणते, मोठं कर्ज नको.

वेलबुट्टी

नमस्कार, मी नाशिकची_आई यांची मुलगी. आईने धागा वाचायला दिला. ताई, तुमचं वाचून मी वाड्याचा दिंडी दरवाजा पूर्ण केला, ब्लेंडर आणि सबस्टन्समध्ये. आमच्या गल्लीतल्याच वाड्याचा आहे. लिंक देते आहे. आवडला असं नका सांगू, काय चुकलंय ते सांगा प्लीज.

जांभादगड

बघितला, सगळ्या बाजूंनी फिरवून. निवड उत्तम. आता चुका.

माप: शेजारी १७० सेंमीचा माणूस उभा करून बघ. तुझ्या दिंडीतून तो ताठ आत जातो. खऱ्या दिंडीत वाकावं लागतं, तशीच ती बांधतात. उंची कमी कर, दरवाजाचा दरारा लगेच वाढेल.

झीज: सगळ्या कडा सारख्या झिजल्यात, हे सबस्टन्सचं तयार मटेरियल आहे, ओळखू येतं. वाड्यावर परत जा आणि बघ. दिंडीची कड हाताच्या उंचीला गुळगुळीत आणि काळपट असेल. कडी हलून लाकडावर अर्धगोल चरा पडलेला असेल. उंबरठा मधे खोल, टोकांना कोरा. खालच्या वीतभर फळीवर पावसाचे शिंतोडे. हे सगळं हाताने रंगव.

खिळे: प्रत्येकाला ६४ बाजू दिल्यास, दरवाजाचे निम्म्याहून जास्त त्रिकोण तिथेच गेले. आठ बाजू पुरतात. समोरून सपाट दिसणारे तर नॉर्मल मॅपमध्ये उतरव, कडेवरून बाहेर डोकावणारे तेवढे खरे ठेव. सगळ्यांची यूव्ही एकावर एक ठेवलीस तरी चालेल.

गंज: संपूर्ण लोखंडाला मेटॅलिक (धातूपणाचा आकडा) १ आहे. गंज धातूसारखा वागत नाही, तिथे ० हवं. फक्त हात लागून चकाकलेल्या जागी १.

आणि आडव्या पट्ट्यांवर लाकडाचे रेषे उभे गेलेत. यूव्ही फिरव.

दरवाजाची उतरण आणि कमानीचा दगड मात्र छान जमलाय. दगडाचे सांधे तू बघून केलेस, हे दिसतंय.

रंगपेटी

पोरी, दाराच्या आतल्या बाजूचा अंधार निळसर ठेव, नुसता काळा नको. बाहेरचं ऊन पिवळं आहे ना तुझं.

उत्तरध्रुव

खिळ्यांच्या यूव्ही एकावर एक ठेवशील तेव्हा बेक करण्याआधी एकीलाच ० ते १ च्या चौकटीत ठेव, बाकीच्या बरोबर एक एककाने बाजूला सरकव. नाहीतर सगळ्या खिळ्यांची सावली एकाच जागी बेक होऊन काळे डाग येतील. आणि कडीला दरवाजाच्या चौपट टेक्सेल घनता (मीटरमागे टेक्स्चरचे पिक्सेल) दिसतेय, सारखी कर. साधारण मीटरला ५१२ पिक्सेल धर.

वेलबुट्टी

सगळं लिहून घेतलं. खिळे आणि मेटॅलिक आज करते, झीज बघायला उद्या सकाळी वाड्यावर जाते, तिथल्या आजी दुपारी दार लावून घेतात.

जांभादगड

जा. कडीचा फोटो जवळून घे, तिरक्या उजेडात. नवीन आवृत्ती इथेच टाक, वायरफ्रेम (मॉडेलच्या नुसत्या रेषांची जाळी) आणि यूव्हीच्या चित्रासकट.